खुळी म्हणायचं नाही

विद्यापीठाच्या आरोग्य केंद्रात माझ्या टेबलावर 'समाजसेविका' अशी पाटी होती. त्या पाटीकडे कुणी ढुंकून बघत नसे. बाहेरून शिपाई ओरडायचा, "डोक्याच्या बाई हायत का वं आत?" सुरुवातीला मी त्याच्यावर चांगलीच खेकसले. मग माझ्याच लक्षात आलं की दाताच्या डॉक्टरांना दाताचे म्हणतात, हाडाच्यांना हाडाचे, तर मी डोक्याची झाले म्हणून बिघडलं कुठं? पुढं पुढं तर मीच कुणाला ओळख करून देताना तसं सांगायला लागले.

ऐंशीचं दशक नुकतं सुरू झालं होतं. कोल्हापुरात तेव्हा डोक्याची दुखणी दोनच. एक बाम चोळून जाणारं, आणि दुसरं ज्याच्याबद्दल बोलायचंच नाही. माझी सगळी नोकरी या दुसऱ्या दुखण्यापायी. एखादं पोर वर्गात यायचं बंद झालं, जेवेनासं झालं, नाहीतर कोपऱ्यात बसून रडायला लागलं, की वसतिगृहाच्या रेक्टरबाई नाहीतर खात्यातले सर त्याला माझ्याकडे धाडत. मी आधी ऐकून घ्यायची. मग गावातल्या डॉक्टरांकडे न्यायची, घरी कळवायची, सरांना हजेरीसाठी गळ घालायची, मेसमध्ये सांगून पातळ भात करून घ्यायची. डॉक्टरांना मेस ठाऊक नसे, मेसवाल्याला सर ठाऊक नसत, आणि बिचाऱ्या बापाला यातलं कुणीच ठाऊक नसे. या सगळ्यांच्या मधे मी. एका पोरापायी दहा उंबरे झिजवायचे, आणि दहाही ठिकाणी वेगळ्या भाषेत बोलायचं.

हे डोक्याचे डॉक्टर राजारामपुरीत बसत. खाली डोळ्याचे डॉक्टर आणि वर हे. ही सोय कुणी मुद्दाम केली नव्हती, पण आमच्या फार कामाला आली. जिना एकच, त्यामुळे बघणाऱ्याला वाटायचं पोरगं चष्म्याला चाललंय. वसतिगृहात 'डोळ्याला जाणं' हा शब्दच रूढ झाला. तो इतका रूढ झाला की एका मुलाला खरोखरच फळ्यावरचं दिसेनासं झालं, तरी तो डोळे तपासायला जाईना. "लोक काय म्हणतील, मॅडम?" असं त्यानं मला डोळे बारीक करून विचारलं.

डॉक्टर वऱ्हाडातले. हुशार, सज्जन, आणि बोलायला अगदी कमी. कोल्हापुरात येऊन त्यांना थोडेच दिवस झाले असतील, तेव्हा एकदा त्यांनी मला आत बोलावून दार लावून घेतलं आणि हळू आवाजात विचारलं, "बाई, मला एक सांगा. इथल्या मुली स्वतःला पुरुष समजतात का? कालची ती म्हणाली, मी आलो, मी जेवलो, मी झोपलो. आज दुसरीही तसंच. काही गंभीर तर नाही?" मी पदर तोंडात कोंबून हसले. मग त्यांना सांगितलं की आमच्याकडे बायका असंच बोलतात, माझी आईसुद्धा 'मी बाजारात गेलतो' म्हणायची आणि तिला सहा लेकरं झाली. डॉक्टरांनी समोरच्या कागदावरची एक ओळ खोडली. त्या दिवसापासून, आपण इथं नक्की कशाला लागतो, हे मला कळलं.

ती मुलगी त्यानंतरच्याच वर्षी माझ्याकडे आली. म्हणजे ती आली नाही, तिची खोलीतली मैत्रीण आली. ही मैत्रीण कबनूरची. घरात कापडाचे माग होते, दिवसरात्र खडखडाट. वसतिगृहात शांतता असते म्हणून तिला झोप लागत नाही, अशी तिची तक्रार असायची. माझ्या दारात उभी राहून ती म्हणाली, "मॅडम, दिवाळीची सुट्टी करून आल्यापासनं ती उठंचना झाल्या. आंघोळ न्हाई, जेवण न्हाई. आधी वाटलं थकल्या असंल. आता मला भ्या वाटाय लागलंय. तुम्ही चला की."

मी गेले. मुलगी भिंतीकडं तोंड करून निजली होती. रसायनशास्त्रात एम. एस्सी.चं शेवटचं वर्ष, गाव राधानगरीच्या पलीकडं, जिथं पावसाळ्यात गाडी जाईल याचा भरवसा नसतो. त्या गावातून विद्यापीठापर्यंत आलेली पहिली मुलगी. उशाशी फराळाचा डबा होता, आईनं दोरीनं बांधून दिलेला, आणि ती दोरी अजून तशीच होती.

"जेवलीस का?" मी विचारलं.

"जेवलो की."

"खोटं बोलत्या," मैत्रीण मागून म्हणाली.

मी पलंगाच्या कडेला बसले. मैत्रिणीला चहा आणायला पाठवलं, आणि मला जे विचारायला शिकवलं होतं ते विचारलं. हे विचारताना माझा आवाज आजही बदलतो. "जगूच नये, असं वाटतं का ग?"

तिनं पांघरूण खांद्यावर ओढलं. मग भिंतीलाच सांगितल्यासारखं म्हणाली, "रोज न्हाय, मॅडम."

त्या काळी तिच्या गावात टेलिफोन कुठला? एस.टी. स्टँडवर जाऊन त्या वाटेच्या कंडक्टरला निरोप द्यायचा, तो पोचवायचाच. 'पोरीला जरा बरं नाही, या, घाबरू नका' असा निरोप मी दिला. घाबरू नका म्हटलं की माणूस हमखास घाबरतो. दुसऱ्या दिवशी सकाळी तिचे वडील वसतिगृहाच्या फाटकाशी हजर. डोक्याला पटका, हातात दुधाची किटली, आणि आवाज असा की एका बांधावरून तिसऱ्या बांधाला ऐकू जावा. पुरुषांना आत जायला मनाई, म्हणून त्यांनी फाटकातूनच वरच्या मजल्याकडं बघून हाळी दिली, "ए खुळेऽऽ! खाली ये की! दूध आनलंया!"

आजारी पोरीला, तेही या आजारात, असली हाक? मी तणतणत निघालेच होते, तर मैत्रीण मला म्हणाली, "अवो मॅडम, आबा कायम आसंच बोलीवत्यात. आमी समद्याच तिला खुळी म्हणतो. ती बी मला म्हणत्या."

मग मला माझंच हसू आलं. मी कोल्हापूरचीच. माझे वडील मला रोज किमान एकदा तरी खुळी म्हणत. आमच्याकडे हा शब्द शिवीत नाही, लाडात मोडतो. चहात साखर विसरली तर खुळी, परीक्षेत पहिली आली तरी खुळीच. चारजण गप्पा मारत बसले की त्याची खुळ्यांची चावडी होते. ज्याला आम्ही खुळा म्हणत नाही तो आमचा नव्हे, परका पावणा. शिकायला बाहेरगावी राहिले आणि कान बिघडले होते माझे, एवढंच.

आबांना घेऊन आम्ही 'डोळ्याला' गेलो. वर एका खोलीत बाकं मांडलेली, आणि बाकांवर माणसं. कुणी मान खाली घालून, कुणी आपल्याच ओठांशी पुटपुटत. एका बाईनं आपल्या मोठ्या मुलाचा हात घट्ट धरून ठेवला होता. आबांनी एकदा सगळीकडे नजर फिरवली. जिना चढेपर्यंत ते सारखं बोलत होते, दुधाचं, भाताचं, गाडी चुकता चुकता कशी मिळाली त्याचं. तिथं आल्यावर त्यांचा आवाज बंद झाला. डॉक्टरांनी हा आजार आहे, औषधानं बरा होतो, काही महिने लागतील, असं नीट समजावलं. आबांनी फक्त एकच विचारलं, "येरवड्याला धाडणार न्हाईसा न्हवं?" डॉक्टर नाही म्हणाले. आबांनी हात जोडले.

महिनाभर मुलगी घरी राहिली आणि जानेवारीत परत आली. औषध लागू पडलं होतं. झोप येत होती, भाकरी जात होती, गालही जरा भरले होते. आबा आठवड्याला येत. आता ते फाटकातून ओरडत नसत. चौकीदारणीकडे निरोप देत आणि किटली दोन्ही हातांत धरून गुलमोहोराखाली उभे राहत. ती खाली आली की तिला नावानं हाक मारत, पूर्ण नावानं. कशी आहेस विचारत, दूध देत आणि जात. मला त्यांचं फार कौतुक वाटलं. रेक्टरबाईंना मी म्हणालेसुद्धा, "खेडूत माणूस, पण बघा किती समजून वागतोय!"

पण मुलगी काही उजळेना. डॉक्टर म्हणाले, "झोप, भूक माझ्या औषधानं येईल. बाकीचं तुम्ही बघा." मी बघत होते आणि मला काही दिसत नव्हतं. आणि मग एक दिवस ती माझ्या टेबलासमोर बसून शांतपणे म्हणाली, "मॅडम, मी परीक्षा देत न्हाय. घरी जातो. औषध बी आता बास."

"आबांना विचारलंस?"

"आबा म्हणाले, तुझ्या मनाला यील तसं कर."

परीक्षेचं सोडा, परीक्षा पुढच्या वर्षी देता येते. पण औषध बास म्हणजे काय, हे मला पक्कं ठाऊक होतं. त्या गावातून डॉक्टरांपर्यंत यायला अर्धा दिवस, आणि जूननंतर तर वाटच बंद. 'रोज न्हाय' म्हणाली होती ती. मधले दिवस कोण मोजणार होतं? मी रागावले, समजावलं, हात जोडले. शेवटी तिच्याकडून एवढंच कबूल करून घेतलं की पाडव्यापर्यंत औषध सोडायचं नाही. पाडव्यानंतर तिचं तिनं ठरवावं.

पुढच्या आठवड्यात तिला डॉक्टरांकडे नेत होते. उसाचा हंगाम. रस्त्यात बैलगाड्यांची रांग लागलेली आणि आमची सिटी बस त्यांच्या मागं अडकलेली. कंटाळून आम्ही मधेच उतरलो. मी सुट्टे पैसे पर्समध्ये ठेवत होते. मान वर केली तर ही बाई रस्ता ओलांडायला निघालेली, समोर न बघता, दोन गाड्यांच्या मधून. बैलाचं शिंग तिच्या दंडापासून वीतभर असेल. गाडीवान ओरडला. मी धावले, तिला मागं खेचलं आणि माझ्या तोंडून माझ्या वडिलांचा आवाज निघाला, "खुळी हाईस काय ग? बैल दिसत न्हाईत? मरतीस की आता!"

बोलले आणि जीभ चावली. रस्त्याच्या कडेला आम्ही दोघी उभ्या, माझा श्वास फुललेला. आता ही कोसळणार, एवढ्या दिवसांचं सगळं पाण्यात, असं मला वाटलं. तिनं माझ्याकडं पाहिलं. आमची गाठ पडल्यापासून पहिल्यांदाच तिनं माझ्याकडं सरळ पाहिलं असेल.

"लई दिवसांनी, मॅडम," ती म्हणाली.

"काय लई दिवसांनी?"

"कुणीतरी खुळी म्हटलं."

समोर रसवंती होती. घुंगरं वाजत होती. मी तिला आत नेऊन बसवलं, दोन ग्लास मागवले, आणि ती बोलायला लागली. एवढी बोलताना मी तिला कधीच ऐकलं नव्हतं.

"आजारी पडल्यापासनं मला कोण खुळी म्हणत न्हाय. आबा नावानं हाक मारत्यात. पुरं नाव. शाळंत हजेरी घेतल्यागत. घरी गेलो की आई पाट मांडत्या. पयली भाकरी मला. भाऊ तर भांडतच न्हाय, मी त्याची सायकल पाडली तरी गप. खोलीत बी तसंच. आबांनी सगळ्यास्नी बजावलंय म्हणं, तिला तसं म्हणायचं न्हाय. पावणी आल्यागत वागवत्यात मला, मॅडम." ग्लासाच्या काठावरचा फेस ती बोटानं पुसत होती. "खोटी खुळी हुतो तवर म्हणत हुते. आता खरी झालो, म्हणून म्हणत न्हाईत. न्हाय का?"

मी रस पिऊन टाकला. तो कसा लागला हेही मला सांगता येणार नाही.

त्याच संध्याकाळी मी स्टँडवर जाऊन कंडक्टरला गाठलं. आबा आले. मी त्यांना आरोग्य केंद्राच्या मागच्या पायरीवर बसवलं, चहा दिला आणि पोर काय म्हणाली ते शब्द न बदलता सांगितलं. त्यांनी कप खाली ठेवला.

"तिला आसं वाटतंय व्हय?" एवढंच म्हणाले. मग पटका काढून मांडीवर ठेवला.

"बाई, तुमास्नी सांगतो. माज्या बायकुलाबी म्या नीट सांगितलं न्हाई. माजी थोरली भण खुळी हुती. आपण म्हणतो तशी न्हवं. खरी. गोठ्यामागं खोपटात ठेवली हुती तिला. मी ल्हान. मला कडंवर घिऊन हिंडायची, गाणी म्हणायची, लई जीव माज्यावर. समदं गाव खुळी म्हणायचं, मीबी म्हणायचो. मला वाटायचं त्येच नाव हाय तिचं. ती गेली तवा भटजीनं नाव इचारलं, तवा कळलं की तिला दुसरं नाव हुतं."

त्यांनी मांडीवरचा पटका उलटसुलट केला.

"ही जलमली ती भणीचं तोंड घिऊन. तसंच कपाळ, तसंच हासणं. तोंडातनं खुळीच आलं. येवढी वरसं रोज म्हणालो. घरात वास्तू आसती, बाई. ती तथास्तु म्हणत आसती. कवातरी म्हणाली आसंल. म्या म्हणून म्हणून लावलं हे पोरीच्या मागं. आता परत कुठल्या तोंडानं म्हणू?"

माझा स्वभाव असा की रडू यायला लागलं की मला राग येतो. या माणसानं एवढं ओझं कुणालाही न सांगता महिनोन्‌महिने किटलीबरोबर वाहून आणलं होतं, आणि वाहायचं काही कारण नव्हतं. मी म्हटलं, "आबा, खुळी सोडून आणखी काय काय म्हणायचा तिला?"

ते गोंधळले. "काय म्हणजे? भवाने म्हणायचो. टवळे म्हणायचो. शेण काढाया उठली न्हाई की म्हशी म्हणायचो."

"मग म्हशी म्हणालात तेव्हा वास्तू काय झोपली होती काय? शिंगं फुटली का तिला?"

आबा माझ्याकडं बघतच राहिले. मग त्यांच्या पोटातून हसू आलं, आधी दबकं आणि मग असं मोठं की कंपाउंडर खिडकीतून डोकावला. हसता हसता त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि ते थांबेचना. "न्हाईत फुटली वं," ते म्हणाले. "दूध बी दिईना."

"डॉक्टरांनी काय सांगितलं? हा आजार आहे. कुणाच्या बोलण्यानं लागत नाही."

"व्हय. आईकलंया." पटका पुन्हा डोक्याला गुंडाळत ते उठले. "पर बाई, जीभ रेटत न्हाई. काय करू?"

मी त्यांना सांगितलं, मुद्दाम काही करू नका. तिला लगेच कळेल. पण माणूस भाबडा, प्रयत्न केल्याशिवाय राहतोय कुठला? पुढच्या आठवड्यात मैत्रीण मला विचारायला आली, "मॅडम, आबांना खोकला झालाय काय? फाटकात येत्यात, मोठ्यानं 'ए खु' म्हणत्यात आनि मग खोकतच बसत्यात." मी हसले. पण माझा जीव टांगणीला लागलेला होता. पाडवा जवळ येत होता, मुलगी औषध घेत होती, आणि एकेक पुस्तक मैत्रिणींना वाटून टाकत होती.

पाडव्याच्या आदल्या दिवशी आबा तिला न्यायला आले. ठरल्याप्रमाणे डॉक्टरांना शेवटचं भेटायचं आणि तिथूनच स्टँड गाठायचा. मैत्रिणीनं ट्रंक खाली आणून दिली आणि एक शब्द न बोलता आत निघून गेली. मी सोबत गेले. मला घरी गुढीची सगळी तयारी करायची होती आणि माझं लक्ष कशातच नव्हतं. ट्रंक जिन्यावरून वर चढवताना आबा घामाघूम झाले.

वरच्या खोलीत त्या दिवशी बाकं भरलेली. उकाडा होता आणि पंखा नुसताच गरगरत होता. आबांनी पटका काढून बाजूला बाकावर ठेवला आणि धोतराच्या सोग्यानं मान पुसू लागले. मुलगी खिडकीशी उभी होती. ती वळली आणि न बघता खाली बसली, थेट पटक्यावर.

"अगं ए खुळे!" आबा गरजले. "पटका की माजा!"

खोलीत चिडीचूप झालं. कोल्हापुरात हा शब्द कुठंही चालतो, त्या एका खोलीत मात्र तो कुणी उच्चारत नव्हतं. मागच्या वेळेसारखीच मोठ्या मुलाचा हात धरून बसलेल्या त्या बाईनं पदर कपाळापर्यंत ओढला. डॉक्टरांच्या कंपाउंडरच्या हातातला कागद तसाच राहिला. आबांचं तोंड उघडंच होतं, आपण काय बोललो ते आत्ता त्यांच्या ध्यानात येत होतं, आणि त्यांचा चेहरा मला बघवेना.

मुलगी उठली नाही. पटक्यावर बसल्या बसल्या ती बापाकडं बघत होती. मला वाटलं आता रडणार. आणि ती कोल्हापुरी आवाजात, एका बांधावरून दुसऱ्या बांधाला ऐकू जाईल एवढ्यानं म्हणाली, "मग पटका बसाच्या जागंवर कशाला ठिवायचा? तुमीबी खुळंच की, आबा!"

आधी त्या बाईचा मुलगा हसला. तो हसतो हे आई असून तिलाही ठाऊक नसावं अशा नजरेनं तिनं त्याच्याकडं पाहिलं. मग कोपऱ्यातले एक म्हातारे हसले, मग कंपाउंडर. डॉक्टरांनी दार किलकिलं करून पाहिलं आणि काही न विचारता परत लावून घेतलं. आबांनी चुरगळलेला पटका तिच्या खालून ओढून काढला, पण डोक्याला बांधला नाही. तोंडाशी धरून बसले. त्यांचे खांदे हलत होते. ती त्यांच्या पाठीवरून हात फिरवत होती आणि रडत होती, मीही रडत होते, आणि आमचा नंबर पुकारला तेव्हा आम्हां तिघांपैकी एकही जागचं उठलं नाही.

डॉक्टरांशी ती काय बोलली ते मी विचारलं नाही. ती एकटीच आत गेली होती. बाहेर आली तेव्हा हातात पुढच्या महिन्याच्या औषधाची चिठ्ठी होती. माझ्याकडं न बघता तिनं ती ब्लाउजमध्ये खोचली. आम्ही ट्रंक खाली उतरवली. रस्त्यावर ऊन चढलं होतं, पाडव्यासाठी साखरेच्या माळा विकायला बसलेल्यांभोवती गर्दी होती. आबा गाडीची वेळ झाली म्हणून रिक्षा बघायला लागले.

तिनं ट्रंकेची एक कडी धरून ओढायला सुरुवात केली. स्टँडच्या नाही, विद्यापीठाच्या दिशेनं. ट्रंक रस्त्यावर खरडत होती.

"अगं, स्टँड तिकडं हाय," आबा ओरडले.

"ठाव हाय मला," ती मागं न बघता म्हणाली. "मी काय खुळी हाय व्हय?"

"हाईसच की," आबा म्हणाले, आणि धावत जाऊन त्यांनी ट्रंकेची दुसरी कडी धरली.